मास्तरांना उभं केलं त्या दिवसापासून

तुमच्या घरातलं माणूस छातीवर हात दाबून "मी मरतोय" म्हणालं, आणि डॉक्टरांनी "हृदय ठणठणीत आहे" असं सांगितलं, तर तुम्ही त्याला काय म्हणाल?

मी म्हणाले, "ऐकलंत ना? काही झालेलं नाही तुम्हाला."

नगरच्या एका दवाखान्यात, कार्डिओग्रामच्या खोलीबाहेरच्या बाकावर मी हे म्हणाले. कार्डिओग्राम म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा कागदावर काढलेला आलेख. माझे यजमान प्राथमिक शाळेत शिक्षक आहेत. गाव त्यांना मास्तर म्हणतं आणि लग्नानंतर माझ्याही तोंडात तेच बसलं. मास्तरांनी हात पुढे केला. बोटं थरथरत होती. "मग हे काय आहे?" ते म्हणाले.

डॉक्टर दारात उभे होते. त्यांनी माझं बोलणं ऐकलं असावं. आम्हाला आत बोलावून ते मला म्हणाले, "बाई, हृदयाला काही झालं नाही असं मी म्हणालो. यांना काही झालं नाही, असं कुठं म्हणालो?"

त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. अँक्झायटी न्यूरोसिस. वाघ समोर आल्यावर शरीर जे करतं, तेच ते वाघ नसताना करू लागतं. छाती धडधडते, घाम फुटतो, श्वास पुरत नाही, आता मरण आलं असं वाटतं. माणूस सोंग करत नसतो. त्याला खरोखरच तसं होत असतं.

"वाघ पहिल्यांदा कुठं दिसला?" डॉक्टरांनी मास्तरांना विचारलं.

त्यांच्या आधी उत्तर मी दिलं. मला वाघ माहीत होता. त्याला टेबल होतं, खुर्ची होती आणि समोर चाळीस शिक्षक होते.

आमची शाळा खर्ड्यापासून दोन तासांच्या पायवाटेवर आहे. एकाहत्तरच्या हिवाळ्यात प्रत्येक शिक्षकाला कुटुंबनियोजनाच्या केसेस आणायला सांगितलं होतं. केस म्हणजे नसबंदीला तयार झालेला माणूस. पण दिवाळी झाली की आमचं गाव रिकामं होतं. पाऊस नव्हताच. धडधाकट गडी बायकांसकट ऊसतोडीला कारखान्यांच्या बाजूला निघून गेले होते. मागे राहिले ते म्हातारे, लहान पोरं आणि आम्ही. बिनमाणसांच्या गावातून माणसं आणायची होती.

इतर शिक्षकांनी वाट काढली. कोणी विधुर नेले, कोणी साठीचे म्हातारे. आमच्या शेजारचे सखारामबाबाही आपणहून पुढे आले होते. "मास्तर, न्या की मला. म्हातारी जाऊन धा वरसं झाली. मला आता कुठं पोरं व्हायची हायेत? तुमचं काम तर हुईल."

"बाबा, म्हणून तर नको," मास्तर हसून म्हणाले. तेव्हा ते हसत असत.

जानेवारीच्या शिक्षकांच्या मासिक सभेत शिक्षण खात्याच्या साहेबांनी केस न आणणाऱ्यांना उभं केलं. तिघे होते. दोघांनी हात जोडले, ते बसले. मास्तरांनी खरं सांगितलं की गावात माणसंच नाहीत. त्यांना अकरापासून चारपर्यंत उभं ठेवलं. मध्ये सर्वांचा चहा झाला. मग साहेब म्हणाले, "मास्तर, लग्नाला दोन वर्षं झाली, अजून पाळणा नाही म्हणे. मग तुम्हीच का झोपत नाही ऑपरेशनच्या टेबलावर? तसंही तुमचं काय अडलंय?"

चाळीस माणसं हसली.

घरी येऊन मास्तरांनी हे सगळं मला एकदाच सांगितलं, तेही भिंतीकडे तोंड करून. चौथ्या दिवशी हजेरी घेताना त्यांच्या हातातला खडू पडला. पोरांनी घरी आणलं तेव्हा सदरा घामानं भिजला होता. खर्ड्याच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि हार्टचं असेल म्हणाले. सासूबाईंनी लिंबू उतरवलं. "लई शिकला त्यो, त्येच्या मस्तकाला चढलं," त्या मला म्हणाल्या, आणि मास्तरांसमोर मात्र, "काय न्हाई रं, उठ, भाकर खा." मी मास्तरांना पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देईना. शेवटी जामखेडहून एसटीनं नगर गाठलं.

डॉक्टरांनी मन शांत करणारी गोळी दिली, थोड्या दिवसांपुरती. मला म्हणाले, "झटका आला की समजूत घालू नका. शेजारी बसा. हा दहा मिनिटांत उतरतो, एवढं सांगा आणि त्यांच्याबरोबर सावकाश श्वास घ्या." आणखी एक सांगितलं. माणूस ज्या जागेला भितो तिथून त्याला कायमचं दूर ठेवलं, तर भीती मोठी होते.

हे सगळं मी ऐकलं. पण माझं डोकं दुसरीकडेच होतं.

माझ्या माहेरी चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे भिंतीला टेकलेले असायचे. मी वाचायला शिकले ती त्यांवर. अन्याय झाला की तो छापायचा आणि वाटायचा, एवढंच मला ठाऊक होतं. मास्तरांना गोळीनं झोप लागली की मी लिहायला बसे. साहेबाचं नाव, त्याचा तो टोमणा शब्दशः, चाळीस जणांचं हसणं, मास्तरांचा आजार, सगळं लिहिलं. जामखेडला एका लहान छापखान्यात छापून घेतलं, गुलाबी कागदावर. आठवड्याच्या बाजारात मी स्वतः वाटलं. त्या दिवशी मला जितकं बरं वाटलं तितकं वर्षभरात वाटलं नव्हतं.

पुढच्या बाजारी मास्तर मीठ आणायला म्हणून आपणहून बाहेर पडले. आजारानंतर पहिल्यांदाच. दुपारच्या आत परतले, हात रिकामे. दुकानदारानं विचारलं होतं, "मास्तर, टेबलाचं काय झालं मग?" मागं दोघं तिघं फिदीफिदी हसले होते. जी गोष्ट चाळीस जणांना ठाऊक होती, ती मी सगळ्या तालुक्याला सांगितली होती.

त्या दिवशी झटका तासभर टिकला. उतरल्यावर ते म्हणाले, "साहेबानं मला हॉलमध्ये उभं केलं. तू बाजारात केलंस."

मी भांडले. "मी तुमच्यासाठी केलं!" म्हणाले.

"मला विचारलं होतंस?"

विचारलं नव्हतं. मला ते सुचलंही नव्हतं.

नगरच्या दुसऱ्या खेपेला पत्रक डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून मी सगळं कबूल केलं. त्यांनी ते वाचून घडी घातली. "छान लिहिता," म्हणाले. "पण औषध मी देतोय आणि खपली तुम्ही काढताय. सूड घ्यायचाय ना? घ्या. फक्त ज्याचा आहे त्याला घेऊ द्या. त्याला जेव्हा, जसा जमेल तसा."

मग मी ती अवघड गोष्ट शिकले. मागं राहायचं. पहिल्या आठवड्यात आम्ही शाळेच्या वळणापर्यंत चालत गेलो आणि परतलो. दुसऱ्या आठवड्यात शाळेच्या ओट्यावर बसलो. एकदा तिथंच त्यांचा श्वास अडकला. सखारामबाबा काठी टेकत आले, काही न विचारता शेजारी बसले, तंबाखू मळत राहिले. दहा मिनिटांनी म्हणाले, "उतारलं? चला मंग." दवाखान्यात न गेलेल्या त्या माणसाला जे कळलं, ते मला दोन खेपांनंतर कळलं होतं. मार्चमध्ये मास्तर वर्गात पूर्ण दिवस बसले.

राहिली होती ती सभा. आजारपणाची रजा संपली होती. सभेला गेलं नाही तर नोकरीवर बेतणार होतं, आणि गेलं तर तोच हॉल, तीच खुर्ची. डॉक्टर म्हणाले, "जाणं न जाणं तुम्ही ठरवा." मास्तरांनी जायचं ठरवलं. मला एकच अट घातली, "बाहेर बस. काही झालं तरी आत येऊ नकोस."

मी व्हरांड्यात खिडकीखाली बसले. आतलं सगळं ऐकू येत होतं. साहेबाचा आवाज आला, "आमचे प्रसिद्ध मास्तर आलेत की! केस आणलीत? नाही? उभे राहा."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला नाही.

"ऐकू येत नाही का?"

"येतंय, साहेब," मास्तर म्हणाले. आवाज कापत होता. "मला उभं राहिलं की त्रास होतो. मी बसूनच बोलतो. गडी पाडव्यानंतर परत येतील. तेव्हा मी घरोघर जाऊन समजावीन. जो स्वतः तयार होईल त्याला आणीन. म्हाताऱ्यांना आणणार नाही."

मला आत घुसायचं होतं. साहेबाच्या टेबलावरची शाईची दौत त्याच्या डोक्यावर ओतायची होती. मी पदर तोंडात धरला आणि बसून राहिले. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

महिन्याभरात मास्तरांची बदली झाली, गाडीवाट नसलेल्या एका वस्तीवर. साहेब अजून त्याच खुर्चीत आहे. मी त्याला माफ केलेलं नाही, करणारही नाही. हे लिखाण मास्तरांनी छपाईआधी वाचलं आहे. साहेबाचं नाव आणि गाव त्यांनी खोडलं. कागदावरची गोष्ट माझी नव्हती, त्यांची होती, म्हणून मी खोडू दिलं. मनातलं खोडलेलं नाही.

मास्तर पूर्ण बरे आहेत असं मी सांगणार नाही. सभेच्या आदल्या दिवशी हाताला अजून घाम येतो. पण एक गोष्ट सांगते, कारण तिनं जे केलं ते गोळीनं झालं नव्हतं. बदलीनंतर पंधरा दिवसांनी नामदेव गुरुजी त्या वस्तीवर चालत आले. त्या चाळिसांतले एक. दारातच म्हणाले, "मास्तर, त्या दिवशी मी बी हसलो हुतो. लई हसलो हुतो." मला त्यांना तिथूनच हाकलायचं होतं. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी बाजूला झाले. दोघे बराच वेळ बाहेर दगडावर बसले होते. त्या रात्री मास्तर गोळीशिवाय झोपले.

डॉक्टरांचे, सखारामबाबांचे आणि नामदेव गुरुजींचे उपकार मी विसरणार नाही. उरलेल्या एकोणचाळीस जणांनाही विसरणार नाही.

तुम्ही त्या हॉलमध्ये नव्हता. पण कुठल्या तरी सभेत, वर्गात, कचेरीत कोणाला तरी उभं केलं गेलं आणि तुम्ही हसलात. ते माणूस कोण, हे हा परिच्छेद वाचताना तुम्हाला आठवलेलं आहे. या आठवड्यात त्याच्या घरी जा. सबबी सांगू नका, साहेबाचा दोष काढू नका. "मी हसलो होतो" एवढंच म्हणा. त्यानं बसायला सांगितलं तर बसा. दार लावून घेतलं तर मुकाट्यानं परत फिरा, पण जा.