आरशाकडे पळणारा हात

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर बाबांचा डावा हात खांद्याच्या वर जाईनासा झाला. चांदूर बाजारजवळच्या शेतावरून मी त्यांना अमरावतीला माझ्या घरी आणलं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तो हात रोज पुन्हा पुन्हा उचलायला सांगितला होता. बाबा दहाव्या वेळेलाच थांबायचे.

"रिकाम्या हवेत हात काहून हालवू? तिथं काय तोडाचं हाय?"

मी घरांचे नकाशे काढते. त्या वर्षी बोंडअळीनं कापूस खाल्ला आणि गावाकडे नवं घर बांधायचं कुणी नावच काढेना. अकोल्याच्या ज्या वास्तुविशारदांसाठी मी काम करायची, त्यांच्याकडे एक व्हीआर हेडसेट होता. तो डोळ्यांवर चढवला की अजून न बांधलेल्या घरात फिरून येता यायचं. गिऱ्हाईकच नाही म्हणून तो खोक्यात पडला होता. बाबांसाठी मागितला, तर त्यांनी लगेच दिला.

त्यात फुगे फोडायचा एक खेळ होता. दोन्ही हातांत दांड्यासारखी एकेक मूठ धरायची. मुठींवर बारीक दिव्यांची कडी होती आणि ते दिवे बघून हेडसेटचे कॅमेरे हात ओळखायचे. पहिल्या दिवशी बाबांनी चार फुगे फोडले आणि समोर अंधार झाला.

"लाइन गेली काय वं?"

लाइन होती. हेडसेटच बंद पडला होता. मी तो चालवणारं सॉफ्टवेअर काढून परत टाकलं, त्याची वायर कॉम्प्युटरच्या या खाचेतून त्या खाचेत लावली, इंटरनेटवर इंग्रजीत लोकांनी मांडलेली रडगाणी वाचली. तीन दिवस गेले. पाच मिनिटं चालायचा, की पुन्हा अंधार.

चौथ्या दिवशी मोटार वाइंडिंगवाले चाचा आमचा कूलर दुरुस्त करायला आले. माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, मी सगळं सांगितलं. त्यांनी चार्जिंगची एक जुनी वायर सोलली, कॉम्प्युटरला लावून मीटर धरला आणि मला हेडसेट चालू करायला सांगितला. मीटरवरचा आकडा खाली आला.

"बेटी, मशीन अच्छी हाय. याले करंट पुरत नाई. विहिरीवरची मोटर कशी, व्होल्टेज कमी आला का हुं हुं करते अन् बसते. याले अलग लाइन दे."

मी भिंतीतल्या प्लगवरून वेगळा करंट घेणारा यूएसबी हब आणला आणि हेडसेट त्याला जोडला. हेडसेट अर्धा तास चालला. मी टाळ्या वाजवल्या.

पण बाबा चिडले होते. "माहा हात पळून राहिला! मी इकडे नेतो, तो तिकडे जाते."

मुठींतले सेल बदलले, खोलीचं मोजमाप पुन्हा दिलं. खेळातला हात पळतच होता. मी कंटाळून हेडसेट खोक्यात भरायला घेतला, तेव्हा बाबांनी माझं मनगट धरलं.

"थांब ना पोरी. मी खिडकीकडे तोंड केलं का हात बरोबर राह्यते. त्या कपाटाकडे वळलो का पळते. कपाटात काय हाय, पाह्य बरं."

कपाटाला पुरुषभर उंचीचा आरसा होता! मुठींवरचे दिवे त्यात दिसत होते आणि कॅमेरे फसत होते. इतक्या दिवसांत माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं, आणि बाबांनी ते डोळे झाकलेले असताना पकडलं. मी आरशावर चादर टाकली.

"आता सोड फुगे," बाबा म्हणाले.

हात जागेवर राहिला. वीस फुगे फुटले, तीस फुटले. मग एक फुगा वर निसटला. बाबांनी दात आवळले आणि डावा हात उचलला, खांद्यापर्यंत, कानापर्यंत, डोक्याच्याही वर. खेळात फट्ट असा आवाज झाला. हेडसेटच्या आत त्यांना माझं रडणं दिसत नव्हतं.

"फुटला!" ते ओरडले. "अजून सोड!"

नंतर रोज सकाळी चहाच्या आधी तेच मला कॉम्प्युटर लावायला सांगायचे. चाचाही एकदा येऊन खेळले आणि बाबांकडून सपशेल हरले.

तूर सवंगायच्या, म्हणजे कापणीच्या दिवसांत बाबा गावी निघाले. त्यांना पोचवायला मी सोबत होते. एसटीत बसायला जागा नव्हती. मी कुणाला तरी उठवायला निघाले, तर ते म्हणाले, "राहू दे," आणि डाव्या हातानं वरची दांडी घट्ट धरून चांदूर बाजारपर्यंत उभे राहिले.