स्टेजवरची धार

आमच्या गल्लीच्या तोंडाला एक पेंटर राहायचा. आधी दुकानांच्या पाट्या रंगवायचा, मग त्याला एकाच चित्राचं याड लागलं. माझी बायको म्हशीची धार काढतीय, पाठमोरी. तेच परत परत. सकाळचं, संध्याकाळचं, शेपटी कधी डावीकडं, कधी उजवीकडं, एवढाच फरक. पुण्या-मुंबईची माणसं ती चित्रं नेऊन भिंतीवर ओळीनं लावायची म्हणे. बायको विचारायची, "पेंटर, माझं त्वांड कदी काढनार?" तो म्हणायचा, "मामी, पाठच अजून जमंना."

मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. मला त्यातलं काही कळायचं नाही. ती गेल्यापासून मात्र त्यानं दिलेल्या एका चित्रातल्या त्या पाठीकडं बघत बसतो. जेवायचं म्हणून जेवतो.

नव्वद सालानंतरची गोष्ट. पेंटर एक दिवस गोठ्यात आला तो हाताचा रंग धुऊनच. म्हणाला, "मामा, चित्रं बास झाली. आता ह्येच नाटक करायचं. जित्तं. म्हस स्टेजवर, मामी धार काढनार, लोक बगनार."

"आनि फुडं?"

"फुडं काय न्हाय. दुधानं चरवी भरली की नाटक संपलं."

"लोकं बुकलत्यात तुला!"

पण त्यानं तालमीपुढच्या पटांगणात मांडव घातला होता, आणि गल्लीभर सांगून बसला होता, हे फसलं तर परत पाट्या रंगवीन.

बायको म्हणाली, "येवड्या मानसांत मी न्हाय बसनार. तुमी बसा की माझं लुगडं नेसून."

त्यात नवल काही नव्हतं. म्हशीचं रेडकू गेलं होतं, आणि ती हिच्याशिवाय कुणाला पान्हा सोडत नव्हती. ही राधानगरीला माहेरी गेली की मी हिचं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन धारेला बसायचो. गोठ्यात ते कुणी बघत नाही. स्टेजवर बसायचं म्हणजे ज्या तालमीत मी लंगोट बांधला, त्याच तालमीच्या पोरांपुढं. पण पेंटरचं तोंड बघवंना. म्हटलं, बसतो.

फळ्यांवर माती आणि भाताची पिंजर पसरली, म्हशीच्या पायांचा आवाज होऊन ती बिथरू नये म्हणून. धारेच्या वेळेला मी चरवी घेऊन चढलो.

"आली की वैनी!"

"वैनी, मिशी झाका!"

मी बसलो. कास धुतली, चोळली, चुचकारलं. म्हशीनं मान वळवून माझा पदर हुंगला आणि दिली की लाथ! चरवी गडगडत पेंटरच्या पायाशी. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लोकांत जायचं म्हणून बायकोनं मला रोजचं लुगडं दिलंच नव्हतं. ट्रंकेतलं चांगलं काढून दिलं होतं. त्याला डांबरगोळ्यांचा वास! म्हशीला ही कोण बया, कळंना.

शिट्ट्या सुरू झाल्या. पेंटर पांढराफटक पडला. चरवी तेवढी आणून दिली.

तेवढ्यात मागून, बायकांच्या घोळक्यातून आवाज आला, "अगं ए भवाने! घरात बुट्टीभर पेंड खातीस, आनि हितं नखरं व्हय? सोड पान्हा!"

म्हशीचे कान उभे राहिले. मी परत हात घातला. चर्र! धार चरवीत वाजली.

"आनि तुमी! अंगटा मुडपून वडू नगा, लागतंय तिला! किती डाव सांगिटलंय!"

मांडव हसून लोळायला लागला. बायको लाजून गप्प झाली, तशी धारही आटली. पेंटर स्टेजवरनं ओरडला, "मामी, थांबू नगासा! बोला!"

मग काय! बोलायला तिला कारण थोडंच लागतंय. ओला टॉवेल खाटंवर टाकतो ते निघालं. मलकापूरच्या बाजारातनं पेंड विसरून पानसुपारी घेऊन आलो ते निघालं. घोरणं निघालं. "मिशीला पीळ द्याला येळ हाय, गोठ्याचं पत्रं ठोकाय न्हाय!" माणसं पोट धरून हसत होती, मी खाली मान घालून ओढत होतो, आणि चरवीत फेस चढत होता. तालमीतली पोरं पेले घेऊन स्टेजवर आली आणि धारोष्ण दूध तिथंच पिऊन गेली.

सगळे पांगल्यावर पेंटर तिच्यापुढं येऊन उभा राहिला. डोळे पुशीत म्हणाला, "मामी, परत लावू का खेळ?"

तिनं आधी माझ्या लुगड्याला लागलेलं शेण बघितलं, मग त्याच्याकडं.

"लाव की. आजून निम्मं सुदिक बोलून झालं न्हाय माझं."