पाल चुकचुकली तेव्हा

भर हिवाळ्यात, बाहेर बर्फ साचलेलं असताना, आमच्या तळघरातून रातकिड्यांची किरकिर येत असे. तो आवाज अजूनही माझी पाठ सोडत नाही. का, ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते.

अमेरिकेतल्या ट्रॉय गावात राहत होतो आम्ही. मोटारींच्या कंपनीतली नोकरी गेल्यावर माझ्या नवऱ्याने, श्रीधरने, जुन्या छंदाचा व्यवसाय केला. तळघरातल्या काचेच्या उबदार पेट्यांत तो पाली वाढवून विकायचा. रातकिडे हे त्यांचं खाद्य. मधाच्या रंगाच्या, मखमली अंगाच्या पाली. सुंदर होत्या — पण हे मी तेव्हा कधी कबूल केलं?

तिथल्या मराठी मंडळाच्या जेवणात कुणीतरी विचारायचं, ‘‘वहिनी, तुमच्याकडे पाली विकत मिळतात म्हणे? आमच्या पुण्यात फुकट असायच्या.’’ सगळे हसत. मीही हसे — आणि आतून जळत असे.

गिऱ्हाईक तसंही आटलं होतं. मंदीत ज्यांची घरंच बँकेकडे जात होती, ते पाली कशाला पाळतील? तरी अधूनमधून फोन यायचा. श्रीधर खाली असे, फोन मी घेई. एका दुपारी मी म्हणून गेले — किती सहज — ‘‘आम्ही हे बंद केलंय.’’

त्याच क्षणी खालून पाल चुकचुकली. बोलताना पाल चुकचुकली की बोललेलं खरं होतं, असं आपल्याकडे मानतात. माझं बोट नकळत टेबलावर वाजलं — कृष्ण, कृष्ण. खोट्याला साक्ष मागणारी मी कोण होते?

मग पुढचे फोनही मी तसेच परतवले. जेवताना तो म्हणे, ‘‘मंदी आहे गं. कुणी विचारतसुद्धा नाही.’’ मी भाजी वाढे. मंदी — केवढा सोयीचा आडोसा.

बर्फ वितळलं तेव्हा त्याने साऱ्या पाली एका शाळेला देऊन टाकल्या. रातकिडेही गेले. घर निःशब्द झालं, आणि मला हलकं वाटलं. खोटं बोलण्याहून ते हलकं वाटणंच मोठं पाप होतं का? आज हे लिहितानाही हलकं वाटतं आहे. ते मात्र लपवत नाही.

रिकामं तळघर झाडून तो वर आला. वाटलं, आता म्हणेल, ‘सुटलो.’ त्याने हात धुतले, पुसले, एकवार फोनकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहून शांतपणे म्हणाला,

‘‘सुटलीस.’’