मामांची हाक मी मारली

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, तांड्यावर माझ्यासंगं वाढलेल्या एकाही माणसाला नाही. तुम्ही ओळखीचे नाहीत, म्हणून सांगून राहिलो असं समजा. ऐकून मला चांगलं म्हणाल अशी आशा नाही. मलाच मी चांगला वाटत नाही, तर तुम्हाला काहून वाटावा?

मी गाईड आहे. औंढा नागनाथाचं दर्शन झालं की पुढं काय बघावं असा लोकांना प्रश्न पडतो, मग ते आमच्या डोंगरावर येतात. साग, धावडा, सालई, आन् जिकडंतिकडं काळा खडक. तिथं वनउद्यान झालं तेव्हा फाटक आलं, दगडांवर पिवळे बाण आले, आन् मला खाकी शर्ट आला.

पण वाटा? वाटा बाणांच्या आधीच्या. खंडूमामांच्या मेंढरांनी पाडलेल्या. मामा धनगर, जन्म ह्याच डोंगरात गेलेला. मला कामावर घेतलं तेव्हा मला फाटकापासून टेकाडापर्यंतसुद्धा धड जाता येत नव्हतं. मामांनी तीन महिने मला मेंढरांमागं हिंडवलं. कुठला दगड हलतो, कुठल्या झऱ्याला उन्हाळ्यात पाणी असतं, सगळं सांगितलं. मामी माझ्या नावाची भाकर वेगळी बांधून द्यायची. मी त्यांचा कोण होतो? कुणीच नाही.

त्या तीन महिन्यांत मामांनी मला त्यांची हाक शिकवली. हाक म्हणजे—दोन बोटं जिभेखाली घालून दोन आखूड शिट्या, आन् लगेच पोटातून लांब 'हुर्र्र्येऽऽ'. प्रत्येक मेंढक्याची हाक निराळी असते, मेंढरं दुसऱ्याच्या हाकेला मान वर करीत नाहीत. एखादं मेंढरू चुकून उद्यानात शिरलं तर तू त्याला थांबवून धर, म्हणून शिकवली. मला ती बराबर जमली. मामा हसून म्हणाले, "आता मी मेलो तरी मेंढरं उपाशी ऱ्हायची न्हाईत रं गण्या."

मग खुन्नस कशाची? सांगतो. ऐकायला फार बारीक वाटेल.

एका रविवारी मी नांदेडच्या काही लोकांना झाडं दाखवून राहिलो होतो. एका झाडावर हात ठेवून म्हणालो, हा धावडा. बाजूनं मामा चालले होते. सहज म्हणाले, "धावडा न्हाई बाबा, मोई हाय ती." लोक हसले. कुणी वाईट हसलं नाही. पण त्या दिवशी सगळ्यांनी फोटो मामांसंगं काढले, प्रश्न मामांना विचारले, आन् मी खाकी शर्ट घालून पाण्याच्या बाटल्या धरून उभा राहिलो. मनात म्हणालो, थांब म्हाताऱ्या.

एवढंच कारण. ह्याच्यापेक्षा मोठं कारण माझ्याकडं नाही.

उद्यानाच्या टोकाला एक बसका खडक आहे. समोर ओढा, ओढ्यापलीकडं माळ, त्या माळावर मामांची मेंढरं चरायची. पुढच्या रविवारी मी लोकांना त्या खडकावर नेलं आन् म्हणालो, जादू बघायची का? बोटं तोंडात घातली आन् मामांची हाक मारली. साठ-पासष्ट मेंढरं, एकदम माना वर! आन् निघाली की धावत, ओढा ओलांडून, कड्याच्या अरुंद पट्टीवरून, थेट आमच्याकडं. काय टाळ्या पडल्या! पार माळावर मामा काठी हलवीत पळत होते. लांबून बाहुल्यावाणी दिसत होते. एक बाई म्हणाली, बिचारे आजोबा. आन् हसली. मीही हसलो.

मला मजा आली. खोटं काहून बोलू? लय मजा आली.

मग ते दर रविवारचंच झालं. मामांना ऐकायला कमी येत होतं, वाऱ्यावरची शीळ त्यांच्यापर्यंत पोचायची नाही. त्यांना एवढंच दिसायचं की चरणारी मेंढरं अचानक आपल्याला सोडून पळतात. वर फाटकावरचा माणूस त्यांनाच झापायचा—म्हातारबा, जनावर सांभाळता येत नसंल तर घरी बसा! मी शेजारी उभा राहून ऐकायचो.

शेवटी मामा माझ्याकडंच आले. दुसऱ्या कुणाकडं जाणार? त्या साली त्यांचे पुढचे दोन दात पडले होते. म्हणाले, "गण्या, तू वर असतूस. तुला काय दिसतं का रं? काहून पळून राहिलीत मेंढरं?"

तिथं सांगून टाकता आलं असतं. मामा, माफ करा, गंमत केली—एवढे चार शब्द. दोन शिव्या दिल्या असत्या त्यांनी, आन् संध्याकाळी भाकरीला बोलावलं असतं.

मी म्हणालो, "मामा, तुमची शीळ फुटून राहिली. दात गेले ना. मेंढरांना तुमची वळखच पटत न्हाई आता."

हे मी ठरवून बोललो नव्हतो. पण बोलल्यावर त्यांचं तोंड पडलं ते बघून मला कळलं, बराबर बसलं. त्यांनी दातांच्या फटीला बोट लावून बघितलं. म्हणाले, "आसंल. आसंल बाबा."

त्यानंतर त्यांनी कळपाला हाक मारणं सोडलं, काठीनंच हाकायचे; पहाटे मात्र एकटेच माळावर जाऊन शीळ घालायचे. दातांच्या फटीत पळसाचं पान दुमडून बसवायचे, मग बोटं घालायचे. पान उडून पडायचं, परत बसवायचे. मी एकदा झाडाआडून बघितलं आन् फाटकावरच्या चहाच्या टपरीवर त्याची नक्कल करून दाखवली. पानासकट. लोक हसून हसून बेजार झाले. एकानं तर परत करून दाखवायला लावलं. मी दाखवलं.

आता ते सांगतो, ज्याच्यासाठी एवढं गोल गोल फिरलो.

मामांनी मला शिकवलं होतं—गाभण मेंढी कड्याच्या पट्टीवरून न्यायची नाही. पोट खडकाला घासतं, तोल जातो. म्हणून गाभण मेंढ्या असल्या की ते कळप खालून, लांबच्या वाटेनं फिरवायचे. मला हे माहीत होतं. मेंढ्या गाभण आहेत, हेही माहीत होतं. मामीनंच मला सांगितलं होतं, चंद्री आता आठवड्याभरात विणार म्हणून. चंद्री म्हणजे कपाळावर पांढरा ठिपका असलेली, मामांच्या मागं मागं घरात शिरणारी मेंढी.

त्या रविवारी कॉलेजची पोरं-पोरी आली होती. कुणीतरी म्हणालं, ते मेंढरांचं दाखवा ना. मला कडा दिसत होता. चंद्रीचं पोट दिसत होतं. तरी मी बोटं तोंडात घातली.

बाकीची आली. चंद्री पट्टीच्या मधोमध अडकली, मागून रेटा आला, आन् ती गेली खाली. आवाज फार झाला नाही. पोरांचं लक्ष पुढच्या मेंढरांकडं होतं. मी पटकन म्हणालो, चला चला, मनोऱ्यावरून तलाव दिसतो. आन् सगळ्यांना चालतं केलं.

मागून मामांची हाक आली. मेंढरांना नाही, मला. "ए गण्याऽऽ! गण्या, ये रंऽऽ!" तिला एकट्यानं वर काढता येत नव्हतं ना. एका पोरीनं विचारलं, ते आजोबा कुणाला हाका मारतायत? मी म्हणालो, मेंढराला. गण्या नावाचं मेंढरू आहे त्यांचं.

ती हसली. किती गोड नाव, म्हणाली.

मनोऱ्यावर मी त्यांना तलाव दाखवला. कुठल्या दिशेला काय आहे ते सगळं सांगितलं, एकही नाव चुकलं नाही. ऊन कलल्यावर खाली गेलो, तर मामा ओढ्यात बसले होते, चंद्रीचं डोकं मांडीवर. ती संपली होती, पोटातलंही संपलं होतं. मी म्हणालो, मामा, मी पार त्या टोकाला होतो, ऐकूच आलं न्हाई. मामा म्हणाले, "तुला कसं यील? माझा आवाजच गेला न्हवं."

मामांनी कळप विकायला काढला. मामी रडली, भांडली. मामांचं एकच—जे जनावर माझं ऐकत न्हाई, ते मी कड्यावरून किती डाव पाडू? मामी मला म्हणाली, तू तरी समजाव, तुझं ऐकतेत. मी म्हणालो, मामी, त्यांचं बराबर आहे.

बाळापूरच्या बाजारातला व्यापारी सकाळीच पिकअप घेऊन आला. मीही गेलो होतो, मदतीला. मेंढरं गाडीला लावलेल्या फळीवर चढेनात. ओढली, ढकलली, दांडकं दाखवलं, ती सगळी मेंढवाड्याच्या कोपऱ्यात गोळा होऊन उभी. मामा पाठ करून दगडावर बसलेले. व्यापारी वैतागून म्हणाला, "म्हातारबा, एक हाक मारा की!"

मामा म्हणाले, "माझी ऐकत न्हाईत ती."

"मारून तर बघा."

मामा उठले. काठी टेकत फळीवरून गाडीत चढले. पळसाचं पान नव्हतं. दोन बोटं जिभेखाली घातली आन् हाक मारली. फटीतून हवा गेली, शीळ फाटली, नुसता सूं-सूं आवाज निघाला.

आन् मेंढरं आली. सगळीच्या सगळी. एकमेकींच्या पाठीवरून, फळीवरून, धडपडत, त्यांच्या पायाशी. एकही मागं राहिली नाही. मामा गाडीत कंबरेपर्यंत मेंढरांत उभे, आन् ती त्यांची बोटं चाटून राहिलेली.

ते माझ्याकडं बघत होते. "गण्या, ऐकतेत की रं! सूं-सूं केलं तरी ऐकतेत! मंग इतके दिवस काय झालतं त्यांना?"

तेव्हाही वेळ होती. फळी लावलेली होती, गाडी उभी होती.

मी म्हणालो, "आज जायचं म्हणून ऐकलं असंल, मामा. शेवटचं."

मामांनी मान हलवली. पटलं त्यांना. एकेकीच्या डोक्यावर हात ठेवत, वाट काढत ते खाली उतरले, आन् फळी मीच काढली.

मामा आता फाटकाजवळच्या लिंबाखाली बसून असतात. येणाऱ्याजाणाऱ्याला हीच गोष्ट सांगतात. लय मानानं सांगतात. मधे पार बिथरली होती, पण गेली तवा समदी माझ्या एका हाकेवर गेली. आन् मग काठी माझ्याकडं करतात. "खोटं वाटत आसंल तर इचारा ह्याला. हा हुता तिथं."

लोक माझ्याकडं वळून बघतात.

"व्हय," मी म्हणतो. "मी होतो."