सोपटात बांधलेली मेथी

दुकानाचं शटर वर केलं की मेघनाची पहिली नजर उजवीकडच्या रॅकवर जाते. त्यावर हिरवी पाटी आहे, ‘आपल्या परिसरातला माल’. यंदा मे महिन्यात त्या पाटीखाली भेंडीची एक टोपली आणि चार सुकलेल्या काकड्या असायच्या, आणि सकाळी साडेसातलाच मेघनाचं डोकं फिरायचं.

डोंबिवली पूर्वेच्या एका गृहसंकुलातलं हे रहिवासी भांडार लॉकडाऊनमध्ये सुरू झालं. घराघरातून वर्गणी निघाली, आणि कुरिअर कंपनीतली नोकरी गेलेल्या मेघनाला ते चालवायला दिलं. तेव्हा शीळफाट्याजवळच्या गावातून जाईबाई टेम्पोत भाजी घालून गेटवर यायच्या. अख्ख्या संकुलाने त्या भाजीवर दिवस काढले. पुढे मेघनानेच सभेत भांडून ठराव करून घेतला, की निम्मी भाजी जवळच्या गावांतली घ्यायची, उरलेली कल्याणच्या घाऊक बाजारातून. टाळ्या वाजल्या.

टाळ्या वाजवणारे हात मात्र बाजारच्या मालाच्या डाव्या रॅककडे जायचे. कोणाला ब्रोकोली हवी, कोणाला बारा महिने मटार. तिसऱ्या मजल्यावरची श्रिया माठाची जुडी उचलून विचारायची, याचं करतात काय? मेघना फोडणीपासून सगळं सांगायची. श्रिया मन लावून ऐकायची आणि सिमला मिरची घेऊन जायची.

शेवटी कमिटीचे अध्यक्ष सुधीरकाकांनी निर्वाणीचं सांगितलं. महिनाभर बघू. रॅक भरलेला दिसला नाही, तर तिथे फ्रोझन मालाचा फ्रीज येईल.

मेघनाने त्याच दुपारी जाईबाईंना फोन लावला. रॅक भरायचाय मावशी, नाहीतर तुमची जागा जाणार. मेथी आणा, मेथीला कोणी नाही म्हणत नाही. “बगते गो बाय,” म्हणून जाईबाईंनी फोन ठेवला.

आणि मेथी आली. आठवड्यातून तीनदा, चाळीस-चाळीस जुड्या, जाईबाई कायम बांधतात तशा केळीच्या सोपटाने, खोडाच्या ओल्या सालीने, बांधलेल्या. अध्यक्षांच्या पत्नी चित्राताई जुडी नाकाशी धरून आल्यागेल्याला ऐकवायच्या, की गावठी मेथीचा वासच वेगळा, बाजारच्या मेथीला ही सर नाही. नवाच्या आत रॅक साफ. मेघनाला वाटलं, सुटले.

एरवी ती बाजारात मंगळवारी आणि शुक्रवारी जाते. त्या आठवड्यात टोमॅटो आधीच संपले, म्हणून सोमवारी पहाटे कल्याण गाठलं. गाळ्यांच्या मागे गोणपाटावर जाईबाई पाय पसरून बसलेल्या. शेजारी नाशिकच्या मेथीचा ढीग. जुडीची सुतळी सोडायची, मांडीवरून ओल्या सोपटाची पट्टी ओढायची, गाठ मारायची, पुढची जुडी. हात असे चालत होते की मेघना क्षणभर नुसती बघत राहिली.

“मावशी, हे काय?”

जाईबाई दचकल्या नाहीत. हातातली गाठ पुरी केली. “मेथी हाय.”

“लोक माझ्या भरवशावर घेतात ना ही.”

“मंग मी काय करू? विहीर आटली कवाच. आन मे मयन्यात आमच्याकडं कदी मेथी झालीय? इतकी वर्सं भाजी इकतेस, तुला ठाव नाय? तू बोललीस मेथी आन. मी आनली.”

या उन्हात मेथी आली कुठून, हे मेघनाने एकदाही विचारलं नव्हतं. रॅक भरलेला दिसत होता, तेवढं तिला पुरलं होतं. टोमॅटो घेऊन ती परतली. रिक्षावाल्याशी उगाचच भांडली.

रविवारच्या सभेत तिने सगळं सांगून टाकलं. आता आरडाओरडा होणार म्हणून ती खुर्चीची पाठ धरून उभी होती. चित्राताई एवढंच म्हणाल्या, “पण मेथी चांगली होती हो.”

सुधीरकाकांनी तर तोडगाच काढला. जाईबाईंनी असंच आणत राहावं. लोक खूश आहेत, रॅक भरलेला दिसतो, पाटी काढण्याचंही काही कारण नाही.

“काका, ती मेथी नाशिकची आहे.”

“नाशिक काही परदेशात नाही, मेघना.”

सगळे हसले.

“मग फ्रीज आणा,” मेघना म्हणाली. “खोटी पाटी मी सांभाळणार नाही. आणि रॅक ठेवायचा असेल तर तो उन्हाळ्यात रिकामा दिसणार. ते बघायची सवय करा.”

हात वर झाले, मोजले गेले. चार कप्प्यांपैकी तीन काढून तिथे छोटा फ्रीज बसवायचा, एक कप्पा ठेवायचा, असं ठरलं. सुधीरकाका याला सुवर्णमध्य म्हणाले.

मंगळवारी जाईबाई आल्या. मेघनाने झालेलं सांगितलं. जाईबाईंनी उरलेला कप्पा वितीने मोजला. तीन विती भरल्या.

“तू खरं बोललीस, बरं केलंस. पन जागा माजी गेली.”

“पावसाळ्यात परत मागते मी, मावशी.”

“तवा मला सभेला बोलव. आमच्याकडं कदी काय पिकतं, कोनीच इचारलं नाय. तू पन नाय.”

खाली वाकून मेघनाने जाईबाईंच्या टोपलीतले दुधी उचलले आणि कप्प्यात लावायला घेतले. आडवे लावले, मग तिरके. तरी दोन बाहेरच राहिले.