न धुतलेले हात

"हात लावू नकोस. तुझ्या हाताला तंबाखू असते. बटणं खराब होतील."

निपाणीच्या आमच्या हायस्कुलात पहिला कॉम्प्युटर आला, तवा सर सगळ्या वर्गाम्होरं मला असं म्हणाले. पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. चपला बाहेर काढून रांगेत उभी राहिले, पाळी आली, आता खुर्चीत टेकणार, तेवढ्यात. तशीच अर्धी वाकलेली राहिले.

तंबाखू हाताला असायची, खोटं कशाला बोलू? आई विड्या वळायची, शाळेच्या आधी मीबी वळायची. पण माझ्या जागी सरांनी ज्याला बसवलं, त्याच्या बापाची तंबाखूची वखार होती. त्याच्या घरी तंबाखू पोत्यांनी, आमच्या घरी सुपात. त्याचे हात कुणी हुंगले न्हाईत. सरांना वास यायचा तो आमच्या गल्लीचा.

मी रोज राखेनं हात घासायला लागले. कातडं सोललं. तरी सर म्हणायचे, तू प्रोग्रॅम कागदावर लिही, तो टाइप करेल. ज्याचा प्रोग्रॅम चालंल, तो बेळगावच्या विज्ञान प्रदर्शनाला जाणार होता. मला जायचं होतं. लई जायचं होतं.

माझा प्रोग्रॅम साधा. दिवसाच्या विड्या किती, बायका किती, असं मशीन विचारणार आणि भागून एकीची सरासरी सांगणार. वखारवाल्याच्या पोरानं टाइप केला. मशीननं विचारलं, बायका किती? सरांनी आकडा न घालताच बटण दाबलं. रिकामं उत्तर मशीननं शून्य धरलं. शून्यानं भागता येत न्हाय. पडद्यावर इंग्रजीत चूक उमटली आणि सगळं थांबलं.

"रिकामं डोकं, दुसरं काय," सर म्हणाले. "तुमच्या लोकांनी विड्याच वळाव्यात."

वर्ग फिदीफिदी हसला. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

घरी सूप मांडीवर घेतलं, पण हात चालंना. बायका शून्य, असा दिवस असतोय का? असतोय की! भीमजयंतीला आमच्या गल्लीत एकबी बाई सुपाला हात लावत न्हाय. मालक किती का बोंबलंना. त्या दिवशी भागायचंच नसतं, 'आज काम बंद' म्हणायचं. आणि कुणी उत्तरच दिलं न्हाय, तर ते शून्य धरायचं न्हाय. परत विचारायचं. आकडा मिळस्तवर विचारत ऱ्हायचं.

सकाळी आई म्हणाली, "अगं, हात धू की."

"न्हाय धूत," म्हटलं.

तसल्याच हातानं सरळ जाऊन खुर्चीत बसले. सर म्हणाले, ऊठ.

"न्हाय उठत, सर. चूक माझ्या प्रोग्रॅममधली हाय, माझ्याच हातानं काढणार."

एकेक अक्षर हुडकून टाइप केलं. मग सरांसारखंच आकडा न घालता बटण दाबलं. मशीननं परत विचारलं, बायका किती? परत दाबलं. परत विचारलं. शेवटी शून्य घातलं. 'आज काम बंद.' कुणी हसलं न्हाय. सर खिडकीबाहेर बघत होते.

बेळगावला वखारवाल्याचं पोरगंच गेलं. ते दुखणं अजून हाय, जाणार न्हाय.

पण त्या दिवसापासनं ठरलं. मी हात धुते ते जेवायला. कुणाच्या खुर्चीत बसायला न्हाय.