फ्रीजमधली कुपी

सबंध पुण्यात बुरशीला सगळ्यांत जास्त घाबरणारा माणूस म्हणजे आमचे व्याही, आणि नोकरी काय, तर बुरशी मारण्याची. पाषाणच्या एका प्रयोगशाळेत ते गजकर्णावर नवं औषध शोधतात. मुलगी द्यायच्या आधी लोक मुलाचा पगार विचारतात; यांनी माझ्या मुलाला मोजे काढायला लावून पायाच्या बोटांमधल्या बेचक्या पाहिल्या. म्हणाले, "कोरड्या आहेत. आमचा होकार." धायरीला आमच्याकडे आले की दोरीवरचा ओलसर टॉवेल स्वतः उचलून उन्हात टाकतात, सोफ्यावर आधी वर्तमानपत्र अंथरतात. विहीणबाई वैतागतात, "अहो, माणसं आहेत ती, शिळे पाव नव्हेत!"

मीही हसायचो. मग माझ्याच कमरेवर गजकर्ण उठलं. लाजेपोटी गुपचूप मेडिकलमधून ट्यूब आणली. खाज लगेच थांबली, आणि ट्यूब संपताच दुप्पट जागेत परतली. त्यात स्टेरॉइड होतं. त्यानं खाज दबते, बुरशी फोफावते. माझ्या मांडीवर खेळणाऱ्या नातीच्या गळ्यावर लाल कडं दिसलं. डॉक्टरांच्या गोळ्यांना ते दाद देईना. गालाकडे सरकू लागलं. सकाळी तिचं तोंड बघायची मला भीती वाटे.

व्याह्यांच्या प्रयोगशाळेतल्या फ्रीजमध्ये नव्या औषधाची कुपी होती. काचेच्या बशीत ते बुरशी साफ मारत होतं. मी म्हणालो, "द्या ना थोडं! तुमचीही नातच आहे."

"नाही. अहो, बुरशीची पेशी आणि आपली पेशी भाऊबंद. एकीला मारणारं दुसरीला सोडेलच असं नाही. अजून तपासायचंय."

"भित्रे आहात तुम्ही!" मी ओरडलो, आणि नातेवाइकांतही तेच सांगत सुटलो.

व्याह्यांनी दुसरे डॉक्टर गाठले. गोळी बदलली, घरातल्या सगळ्यांवर एकदम उपचार झाले. आमच्या चादरी उकळायला ते स्वतः येत. कडं हळूहळू विरलं. पुढे चाचणीत त्या औषधानं बुरशीबरोबर माणसाच्या कातडीच्या पेशीही मारल्या. त्यांचं कित्येक वर्षांचं काम वाया गेलं. हे मात्र मी कोणाला सांगितलं नाही, म्हणून आता लिहितोय.

परवा नात गॅलरीत खेळत होती. मी म्हणालो, "व्याहीबुवा, तुम्ही नाही म्हणालात म्हणून..."

"ऐका," ते मध्येच म्हणाले. "कुपी खिशात घालून मी एकदा गेटपर्यंत आलो होतो."

"मग?"

"उभाच राहिलो. रखवालदारानं विचारलं, साहेब, काही विसरलात का? हो म्हणालो, आणि परत गेलो."

बराच वेळ आम्ही दोघं तिच्या गालाकडे बघत बसलो.